पडद्यासमोर उभी राहिले तेव्हा

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी रत्नागिरीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे माझ्याआधी कोणी गेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेजात कुठे बसावं, कोणाला काय विचारावं, हे सांगणारंही कोणी नव्हतं. मी मागच्या बाकावर बसायचे. नाव पुकारलं की उभी राहून "हजर सर" म्हणायचे आणि पटकन खाली बसायचे. कित्येकदा दिवसभरात तेवढंच बोलणं व्हायचं.

त्या वर्षी शहरातल्या एका संगणक केंद्रानं कॉलेजच्या थोड्या मुलांना फुकट शिकवायचं ठरवलं. गणितात बरे मार्क होते म्हणून माझीही निवड झाली. बाबा तेव्हा मुंबईला गोदीत कामाला होते, गावच्याच माणसांबरोबर एका खोलीत राहायचे. निवडीचं कळवलं तर त्यांनी माझं पत्र आख्ख्या खोलीला वाचून दाखवलं. "माझी पोर मशीनवरून पुण्याशी बोलणार आहे" असं सांगत सुटले. शिमग्याला गावी आलो की सगळं नीट सांग, असं उलट टपाली लिहून आलं.

केंद्र एका जांभ्याच्या जुन्या इमारतीत होतं. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, मग आत जायचं. आत थंडगार हवा. भर दुपारी बाहेर घामानं निथळत असताना आत मला हुडहुडी भरायची. टेबलावर काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरं. ते यंत्र टेलिफोनच्या तारेनं पुण्याच्या मोठ्या यंत्राला जोडलं होतं. शिकवणारे सर पुण्याला बसायचे. इतर जिल्ह्यांतल्या केंद्रांवरची मुलं त्याच वेळी तिथे जमायची. जमायची म्हणजे पडद्यावर.

आमच्या केंद्रातल्या मॅडमनी पहिल्या दिवशी हुकूम शिकवले. "हे बघ, नुसतं लिहिलंस तर ते सगळ्यांना दिसतं. आधी तिरकी रेघ दिलीस तर यंत्राला कळतं, की हा हुकूम आहे." तिरकी रेघ आणि जॉइन लिहिलं की सरांच्या वर्गात शिरायचं. तिरकी रेघ आणि हू, म्हणजे आत कोण कोण आहे ते दिसेल. तिरकी रेघ, एमएसजी आणि कोणाचं तरी नाव, की पुढचं लिहिलेलं फक्त त्याच माणसाला दिसेल, कानात सांगितल्यासारखं. निघताना तिरकी रेघ आणि क्विट.

मी जॉइन लिहिलं. थोड्या वेळानं पडद्यावर आपोआप अक्षरं उमटायला लागली. कळांवर कोणाचाही हात नव्हता. माझा तर नव्हताच, मी तो मांडीवर घट्ट धरून ठेवला होता. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून आलं, "नमस्कार मंडळी, कोण कोण आलंय?" माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पुण्यात कोणीतरी आत्ता, या क्षणी, हे लिहीत होतं! मी खुर्ची थोडी मागे सरकवली.

दुसरी मुलं पटापट उत्तरं द्यायला लागली. मी गप्प बसले. मोठी माणसं बोलत असताना आपण मध्ये तोंड घालू नये, आपल्याला विचारलं तरच बोलावं, हेच मला माहीत होतं. दुसऱ्या तासालाही मी तशीच बसले, एकूण एक अक्षर वाचलं, आणि क्विट लिहून घरी गेले.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी मला बाजूला घेतलं. "तुझ्या दोन गैरहजेऱ्या लागल्यात. आज तिसरी लागली तर तुझं नाव काढतील. तू येतेस की नाही?"

"मॅडम, मी होते. दोन्ही दिवस इथेच होते. तुम्ही बघितलंत ना मला?"

"मी बघितलं गो. त्यांनी कुठे बघितलं?"

"पण हू लिहिलं की माझं नाव दिसतं. मी स्वतः बघितलं."

"नाव काय, खुर्ची रिकामी असली तरी दिसतं. सर उत्तर देणाऱ्याचीच हजेरी लावतात."

पूर्ण तास जिवाचा कान करून बसलेली मी तिथे नव्हतेच! मला एकदम बाबांची खोली आठवली. त्या सगळ्यांना बाबा आता काय सांगणार होते?

तास सुरू झाला. मॅडम फोन आला म्हणून बाहेर गेल्या. माझ्या शेजारच्या यंत्रावर आमच्याच वर्गातला एक मुलगा होता, घरच्या आंब्याच्या बागा असलेला, बोलका. या वेळी सर नावं लिहून हजेरी घेऊ लागले. एकेक नाव उमटायचं, खाली उत्तर यायचं. आणि मग माझं नाव उमटलं.

मी खाडकन उभी राहिले. "हजर सर!"

खोलीत एवढा मोठा आवाज माझा असेल असं मलाच वाटलं नाही. शेजारच्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि तो हसत सुटला. "अगो, राष्ट्रगीत लागलं की काय? बस खाली! पुण्यापर्यंत ऐकायला गेलं असेल आता, तारेची गरजच नाही."

मी बसले. पडद्यावर माझ्या नावाखाली काही नव्हतं. सरांनी पुन्हा माझं नाव लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह. सगळ्यांसमोर लिहायचा धीर होईना, म्हणून मी तिरकी रेघ दिली, एमएसजी लिहिलं, सरांचं नाव लिहिलं आणि त्यांच्या कानात सांगितलं, "हजर सर."

उत्तर आलं, तेही कानातच. "मग चोरून का सांगतेस? वर्गात सांग."

तोवर पडद्यावर पुढच्याचं नाव आलं होतं. आता लिहिलं नाही तर संपलं. मी एकेक अक्षर शोधून दाबलं आणि तिरकी रेघ न देता पाठवून दिलं. "मी हजर आहे. मागच्या दोन्ही दिवशीपण होते. बोलले नाही."

माझं वाक्य इतरांच्या वाक्यांखाली जाऊन बसलं. काही क्षण पडदा हललाच नाही. सर रागावले, असं वाटून मी डोळे मिटले.

"अगो बघ, बघ!" शेजारचा म्हणाला.

माझ्या वाक्याखाली एक नाव उमटलं होतं. कुठल्यातरी दुसऱ्या जिल्ह्यातली मुलगी. "मी पण होते सर. दोन्ही दिवस." त्याच्याखाली आणखी एक नाव, एका मुलाचं. "मीसुद्धा. विचारल्याशिवाय कसं बोलायचं म्हणून गप्प होतो."

ही नावं हू लिहिल्यावर मी दर तासाला वाचत होते. ती माणसं माझ्यासारखीच मांडीवर हात धरून बसली असतील, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मग सरांचं उत्तर आलं. "मागच्या गैरहजेऱ्या आता खोडता येणार नाहीत. आजची हजेरी तिघांचीही लावली. यापुढे विचारायची वाट बघू नका."

माझं नाव यादीत टिकलं.

शिमग्याला बाबा आले. पिशवी अंगणातच ठेवून त्यांनी विचारलं, "काय बाय, बोललीस ना पुण्याशी? काय बोललीस?"

खोटं काही रंगवून सांगावं असं मनात येऊन गेलं. पण म्हटलं, "हजर आहे, असं सांगितलं."

"येवढंच?" बाबा म्हणाले. मग ते पायरीवर टेकले आणि बूट काढता काढता म्हणाले, "बरोबर हाय. गोदीत आम्ही पन सकाळी आधी तेच बोलतो. ते बोललं नाही तर दिवसभर राबून पन हजेरी धरत नाहीत."