काच घासायचं मशीन

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी रंगीत काचांची चित्रं करायला लागले. कापलेल्या काचेच्या कडा हाताने घासून बोटं सोलली, तेव्हा लातूरहून नांदेडला मशीन घ्यायला गेले.

दुकानदार म्हणाला, “नवंकोरं हाय मॅडम. डबाबी उघडला न्हाई.”

मी डबा उघडून मशीनवरची जाळी उचलली. खालचा स्पंज हिरव्या काचेच्या भुकटीने माखलेला होता. पर्समधून निळ्या काचेचा तुकडा काढला आणि म्हणाले, “चालवून दाखवा.”

“पाणी न्हाई इथं.”

घासताना काच ओली लागते, म्हणून मी माझ्या बाटलीतलं पाणी ओतलं. मशीन फिरलं, पण काचेची कड गुळगुळीत व्हायच्या ऐवजी तिचे टवके उडाले. दुकानदाराने मान खाली घातली.

“उदगीरच्या एका बाईनं परत केलंय. घासायचं चाक झिजलंय, मोटर चांगली हाय.”

त्याने माझ्यासमोर नवं चाक बसवलं. आता कड छान घासली गेली. मशीन मी घेतलं, पण डबा त्याला बांधू दिला नाही, मीच बांधला. तरीही अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा दोरी सोडून चाक आहे ना, ते पाहिलं. चाक होतं. माझं हे चाललेलं बघून शेजारच्या बाईने आपली पिशवी जरा पलीकडे सरकवली.