फेब्रुवारीतच पेटलेलं ऊन आणि आमची स्टाफरूम

आमच्या स्टाफरूममध्ये किस्से कुणी जपून ठेवत नाही. टेबलाच्या खणात खडूचे तुकडे साठतात ना, तसे ते आपोआप साठतात. कधीतरी पेन शोधायला खण उघडावा आणि हात पांढरा होऊन बाहेर यावा!

या फेब्रुवारीत तर खण भरून वाहायला लागला. सुरतेत थंडी तशीही पाहुण्यासारखीच येते. यंदा ती चहासुद्धा न घेता निघून गेली. पेपरात रोज तेच: फेब्रुवारीतल्या गरमीचा रेकॉर्ड तुटला. दोन दिवसांनी तो नवा रेकॉर्डही तुटला! समुद्राकडून वारा येईल म्हणून आम्ही वाट बघायचो, आणि यायच्या त्या जमिनीवरच्या गरम झळा.

आमची शाळा सुरतेतच, उधन्याला, मराठी माध्यमाची. पोरं बहुतेक नवागामची. आईबाप खानदेशातून आलेले, कापडाच्या लूमवर नाहीतर डाइंग मिलमध्ये कामाला. मी विज्ञान शिकवते.

* * *

आमचे मुख्याध्यापक चौधरी सर शिस्तीचे पक्के. हिवाळी गणवेश म्हणजे फेब्रुवारीअखेरपर्यंत स्वेटर! मैदानावर प्रार्थनेला उभी पोरं घामाने निथळायची. सर स्वतःही बायकोने विणलेला हाफ स्वेटर घालून समोर उभे. "नियम म्हणजे नियम. मी घालतोच ना?"

एक दिवस प्रार्थना संपल्यावर पहिलीतली एक चिमुरडी रांग सोडून थेट सरांपुढे गेली. त्यांच्या कपाळावरून ओघळणारा घाम बघून तिने काळजीने विचारलं,

"सर, तुम्हाला ताप आलाय? घरी जा ना. आम्ही दंगा नाही करणार!"

सरांनी रुमालाने कपाळ पुसलं. दुपारी वर्गावर्गात नोटीस फिरली: "उद्यापासून स्वेटर ऐच्छिक." खाली सरांची सही, आणि सहीवर घामाचा एक टपोरा थेंब!

* * *

नववीच्या पोरांना तापमानाची नोंद करायला मी प्रयोगशाळेतला थर्मामीटर व्हरांड्यात टांगला. रोज बारा वाजता आकडा वहीत लिहायचा आणि महिन्याच्या शेवटी आलेख काढायचा.

आमचे शिपाई भिकनदादा अमळनेरकडचे. तीस वर्षं सुरतेत काढली, पण जिभेवरची अहिराणी हलली नाही. त्यांना तो थर्मामीटर अजिबात आवडला नाही.

"हाई काढी टाका, मॅडम. देखीसन जास्ती गरम लागस!"

मी हसून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी आकडा एकदम खाली! पुढचे दोन दिवसही तसाच. पोरं खूश. मी चक्रावले, कारण ऊन तर वाढतच होतं. चौथ्या दिवशी बाराच्या आधीच व्हरांड्यात गेले, तर दादांनी थर्मामीटर पाण्याच्या माठाला ओल्या फडक्याने बांधून ठेवलेला!

"अहो दादा, हे काय?"

"पोरेसले जरासं बरं वाटाले पाहिजे ना, मॅडम!"

सगळ्यांच्या आलेखात मधेच एक खड्डा पडला. मी कुणाचेच मार्क कापले नाहीत. खड्ड्याशेजारी लाल पेनाने लिहिलं: "भिकनदादांची थंडी."

* * *

आमच्या मराठीच्या मंदाताई या वर्षी निवृत्त होणार. दर थंडीत सगळा स्टाफ पोंक खायला जातो. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच, पण सुरतेत तो लिंबूमिरीच्या शेवेबरोबर खायचा. ताईंची ही शेवटची पोंक पार्टी, म्हणून सगळ्यांना जमेल असा दिवस शोधत आम्ही फेब्रुवारीचा मध्य गाठला.

जाऊन बघतो तर पोंकवाला मांडव सोडत होता! "बेन, आ गरमीमां दाणो कडक थई गयो. आ वखते पोंक पूरो!"

यंदाचा पोंक संपला म्हटल्यावर आमचे चेहरे पडले. ताईंचं शेवटचं वर्ष असल्याचं मी त्याला सांगितलं. तो आत गेला आणि एक डबा घेऊन आला. घरच्यांसाठी बाजूला काढलेला शेवटचा पोंक! आम्ही नको नको म्हणत असताना त्याने तो ताईंच्या हातात ठेवला. "टीचर छे ने? लई जाओ!"

दाणा खरंच खडीसारखा झाला होता. ताई मात्र डोळे पुसत, एकेक घास पाच पाच मिनिटं चावत म्हणत होत्या, "काय गोड आहे हो!"

चौधरी सरांच्या दाढेतलं सिमेंट निघालं. ताईंच्या कौतुकाचं भाषण त्यांनी एका गालाने केलं!

* * *

दहावीची प्रिलिम मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. एक बॅच वरच्या पत्र्याच्या वर्गात बसायची. पहिल्याच पेपरला पोरींच्या हाताला उत्तरपत्रिका चिकटत होत्या आणि घामाने शाई पसरत होती. एकीला चक्कर आली. बोर्डाची परीक्षा तोंडावर, आणि पोरं पेपर अर्धा टाकून उठायला लागली. दुसरी खोली आमच्याकडे नव्हती.

संध्याकाळी त्याच बॅचमधल्या कविता नावाच्या मुलीची आई आली. आता ओरडा खायचा, म्हणून सर खुर्चीत सावरून बसले.

"सर, मी घरी साड्यांना लेस लावते," ती म्हणाली. "आमच्या गल्लीत आम्ही सहाजणी आहोत. पत्र्याखाली कापड बांधू का?"

रविवारी सहाजणी आल्या. मिलने डाग पडला, छपाई हलली म्हणून बाजूला टाकलेल्या साड्या त्यांनी एकमेकींना जोडून आणल्या होत्या. दुहेरी छतच शिवलं बायांनी! भिकनदादांनी पत्र्यावर गोणपाट अंथरून पाणी मारलं. सोमवारी वर्गात पाय ठेवला आणि मला पहिल्यांदा गारवा जाणवला. डोक्यावर जांभळी, पिवळी, डाळिंबी फुलं. पोरं पेपर सोडून वरच बघायला लागली!

सर गरजले, "खाली बघा! लग्नाला आलात का?"

त्या दिवशी एकही पोर अर्ध्यातून उठलं नाही.

सर हात जोडून त्या बायांना म्हणाले, "तुमचे आभार कसे मानू?"

कविताची आई म्हणाली, "आभार ऱ्हाऊ द्या, सर. फक्त परीक्षा झाल्यावर साड्या सोडू नका. उन्हाळा अजून यायचाय!"

* * *

प्रिलिमच्या शेवटच्या पेपरच्या दिवशी मंदाताई मराठीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन भर दुपारी घरी निघाल्या. अर्ध्या तासात शाळेत फोन आला. ताई रस्त्यात कोसळल्या होत्या. एक रिक्षावाला त्यांना दवाखान्यात घेऊन गेला होता.

चौधरी सर आणि मी धावलो. ताई खाटेवर, डोळे मिटलेले, हाताला सलाईन. शेजारी तिशीतला तो रिक्षावाला उत्तरपत्रिकांच्याच गठ्ठ्याने त्यांना वारा घालत होता. प्यायचं सगळं पाणी त्याने रस्त्यातच त्यांच्या डोक्यावर ओतलं होतं. डॉक्टर म्हणाले, "यांनी वेळेत आणलं. आणखी थोडा उशीर झाला असता, तर अवघड होतं."

 मी रिक्षावाल्याचा मोकळा हात धरला. "तुमचं नाव काय हो?"

"प्रकाश. मॅडमनी मला ओळखलं नसेल. दहावीला मराठीत नापास केलं होतं मला त्यांनी." तो वारा घालायचा थांबला नाही. "मग वर्षभर शाळा सुटल्यावर रोज शिकवायला बसवलं, ते पण त्यांनीच. दुसऱ्या वेळी पास झालो."

तेवढ्यात नर्स भरती करायचा फॉर्म घेऊन आली. पेशंटशी नातं काय, हा रकाना कोरा होता. मी पेन शोधेपर्यंत प्रकाशने फॉर्म घेतला, खाटेच्या कडेवर ठेवला आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवत लिहिलं: "विध्यार्थी."

ताईंच्या पापण्या हलल्या. त्यांनी डोळे किलकिले करून आधी फॉर्मकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ओठ कोरडे पडले होते, आवाज जेमतेम फुटत होता. आम्ही सगळे खाली वाकलो.

"प्रकाश," ताई म्हणाल्या, "द ला य. ध ला नाही!"