चांदीपच्या बांधावर बिगुल

सकाळी सहाच्या एस.टी.नं कराड सोडलं, तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांचे दोन जोड होते आणि जुन्या मफलरीत गुंडाळलेला बिगुल होता. कंडक्टरनं पिशवी वर टाकताना विचारलं, "आत काय, तांब्या?"

"पितळेचंच आहे," मी म्हटलं, "पण पाणी प्यायचं नाही."

सत्त्याहत्तर सालचा जानेवारी होता. पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीवर येऊन मला तीन वर्षं झाली होती. ठाणे जिल्ह्यातल्या वसई तालुक्यात चांदीप म्हणून गाव आहे, तिथल्या कमल नावाच्या शिक्षिकेचं मला पत्र आलं होतं. तिचा भाऊ जयवंत माझ्याच पलटणीत होता. पाच वर्षांपूर्वी त्याच्या चितेपाशी मीच बिगुल वाजवला होता. 'आईला तो ऐकायचा आहे,' असं तिनं लिहिलं होतं. 'इथं लोक तिला सांगतात, तुझ्या मुलाला लष्करी मान मिळालाच नसणार.'

असं का सांगत होते, ते आधी सांगायला हवं. आमची पलटण सफरमैनाची (सुरुंग लावणारी आणि काढणारी). एकाहत्तरची लढाई डिसेंबरात थांबली, पण सरहद्दीवरच्या शेतांत पेरलेले सुरुंग तसेच होते. ते काढल्याशिवाय तिथल्या माणसाला नांगर धरता येत नव्हता. लढाई थांबून महिना झाल्यावर असाच एक सुरुंग काढताना जयवंत गेला. वय तेवीस. लढाई कागदावर संपली होती, जमिनीत संपली नव्हती. पण इकडे गावाकडच्या हुतात्म्यांच्या यादीत नाव घालायची वेळ आली, तेव्हा कागदच खरा धरला गेला. युद्ध संपल्यानंतरचा अपघाती मृत्यू, सबब नाव बसत नाही.

ते पत्र वाचलं आणि माझी कानशिलं तापली. जाणारच, असं त्याच दिवशी कळवून टाकलं.

अडचण एकच होती. आदल्या पावसाळ्यात माझा वरचा पुढचा दात पडला होता. बिगुलाला बासरीसारखी भोकं नसतात, सारे सूर ओठांनी काढायचे, आणि ओठांना दातांचा आधार लागतो. महिनाभर नदीकाठी जाऊन सराव केला. खालचे सूर लागायचे. वरचा कधी लागे, कधी नुसती हवा फुसकन निघून जाई.

मुंबईत भाच्याकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास विरारला उतरलो. स्टेशनाबाहेर सुकेळी (पिकलेली केळी उन्हात वाळवून केलेला गोड पदार्थ) विकायला होती. एक पुडा घेतला. मधासारखी चव, पण दाताला अशी चिकटते की उरलेल्या दातांचीही काळजी वाटू लागली. मग मांडवीकडे जाणारी एस.टी. धरली. शिरसाड फाट्यावर महामार्ग ओलांडला आणि गाडी हिरव्यात शिरली. भात केव्हाच कापून झालं होतं, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या आणि रिकाम्या खाचरांत वालाचे वेल पसरले होते. दक्षिणेला तुंगारेश्वरचे डोंगर. आमच्याकडचे डोंगर जानेवारीत बोडके होतात, हे मात्र अंगभर झाडी घेऊन उभे होते.

शेजारी सुक्या बोंबलांची पाटी घेऊन एक म्हातारी बसली होती. "कोनाकडं चाललाव?" तिनं विचारलं.

"जयवंतच्या आईकडे. जानकीबाईंकडे."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मंग तुमी बिगुलवालं!" आणि लगेच आवाज खाली आणला. "काल तालुक्याच्या कचेरीतलं साहेब येऊन गेलं. सांगून गेलं, वाजवायचं न्हाय. हल्ली दिवस कसं हायत, तुमाला ठाव हाय ना?"

दिवस आणीबाणीचे होते. चार माणसं जमायची तर परवानगी लागे. मी पिशवी मांडीवर घट्ट धरली.

जानकीबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. साठीची, काटक बाई. नवरा पोराच्या आधीच गेलेला. मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी मधेच हात धरला.

"पानी घ्या आधी. मंग सांगा, माझ्या पोराला कसा पोचवला."

मी पाणी प्यालो आणि सांगितलं. सहा जवानांनी खांदा दिला. कर्नलसाहेबांनी टोपीला हात लावून सलाम केला. बंदुका उलट्या धरून सारी पलटण उभी होती आणि मी लास्ट पोस्ट वाजवला. कमल, जानकीबाईंची लेक, दारात उभी राहून डोळे पुसत होती.

"लास्ट पोस्ट म्हंजी?" जानकीबाईंनी विचारलं.

"छावणीत रोज संध्याकाळी वाजतो. दिवस संपला, पहारे लागले, आता निजा, असं सांगायला. माणूस गेला की त्याच्यासाठीही तोच."

"आनि सकाळला?"

"सकाळी रिव्हेली वाजते. उठा म्हणून."

"ती वाजवली व्हती?"

"हो. शेवटी ती वाजवावीच लागते. पोचवलेल्याला नुसतं निजवून येत नाहीत आमच्यात."

त्यांनी हातातली शेंग सोलून टाकली. मग म्हणाल्या, "उद्या दोन्ही वाजवा. साहेबाचं मी बघते."

जेवणात तांदळाची भाकरी आणि वालाचं कालवण होतं. कमलनं वाढताना हळूच विचारलं, "तुमच्या पेन्शनीला काही होणार नाही ना? मी लिहिलं तेव्हा असं होईल असं वाटलं नव्हतं. अजून नाही म्हणालात तरी आम्ही समजून घेऊ."

खरं सांगतो, भीती मलाही होती. पण त्या घरात बसून नाही म्हणायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जयवंतची पुण्यतिथी होती. सकाळी आठ वाजता आम्ही शेतावर गेलो. यादीत नाव नाही म्हणून शाळेच्या आवारात त्याच्या स्मरणाचा दगड बसवू दिला नव्हता. तेव्हा बाईंनी तो स्वतःच्या बांधावर रोवला होता, काळा, कमरेएवढा, वर नुसतं 'जयवंत'. साठ-सत्तर माणसं आली होती. चार जणांना परवानगी लागणाऱ्या दिवसांत एवढी माणसं आपल्या पायांनी आली होती.

फटफटी वाजली. पांढऱ्या शर्टातले साहेब बांधावरून सावरत आले, काखेत फायलीचं पाकीट. चेहऱ्यानं वाईट वाटले नाहीत, वैतागलेले वाटले.

"हवालदार, तुम्ही तरी शहाणे असाल. सरकारी मानवंदना अशी खाजगी शेतात देता येत नाही."

"मी सरकारी नाही, साहेब. पेन्शनर आहे. पितळ माझं, श्वास माझा, शेत या बाईंचं."

"पण सूर सैन्याचे आहेत!"

"पोरगाही सैन्याचाच होता."

मागे कुणीतरी "बरोबर!" म्हणालं. साहेबांनी पाकिटातून कागद काढला. "मला पंचनामा करावा लागेल."

"करा," जानकीबाई म्हणाल्या. "आमी हितंच हाव."

मी दगडासमोर सावधान उभा राहिलो आणि बिगुल ओठाला लावला. पहिले सूर चांगले निघाले. खाचरांवरून जाऊन डोंगराला लागून परत आले. पाच वर्षांत मी ते कुणासाठी वाजवले नव्हते. वरचा सूर आला आणि ओठ घसरला. नुसती हवा. लोकांनी माना खाली घातल्या. पंधरा वर्षांच्या नोकरीत कधी झाली नव्हती अशी फजिती मी त्याच्याच आईपुढे करून घेतली होती.

"पुन्यांदा," बाई म्हणाल्या. "पयल्यापासून."

"बाई, असं पुन्हा सुरू करत नाहीत..."

"पलटनीत करत नसतील. हितं करतात."

मी तोंड पुसलं, बिगुल जरा डावीकडे, शाबूत दातावर धरला आणि पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी वरचा सूर लागला. जरा खरखरीत, पण लागला. मी तो नेहमीपेक्षा जास्त धरला, डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत. शेवटचा सूर विरला. साहेबांचं लिहिणं थांबलं होतं. लढाईतून आलेल्या माणसांना मी या सुरांवर कोसळताना पाहिलंय. जानकीबाई मात्र ताठ उभ्या होत्या, दगडावर हात ठेवून. मग त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

मी रिव्हेली वाजवली. तिचे सूर उड्या मारत येतात. छावणीत आम्ही तिला शिव्या घालायचो. इथं लोकांच्या माना एकेक करत वर आल्या.

मग बाई साहेबांकडे वळल्या. "लिवा आता. बिगुल वाजला म्हनून लिवा. कुनी वाजवला, त्ये लिवा. आनि कुनासाठी वाजला, त्ये बी लिवा. नाव, पलटन, समदा."

साहेबांनी मान वर केली. काय मागितलं जातंय ते त्यांना कळलं असावं. त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचूनही दाखवलं. 'सफरमैना पलटणीतील मयत सैनिक जयवंत याच्या सन्मानार्थ लष्करी बिगुल विनापरवाना वाजविण्यात आला.' मी खाली हुद्द्यासकट सही केली. बाईंनी अंगठा उठवला. मग एकेक जण पुढे आला आणि पंच म्हणून एकवीस जणांनी सह्या-अंगठे केले. साहेब म्हणाले, दोन पंच पुरतात. कुणी ऐकलं नाही.

"याची नक्कल आमाला पायजे," बाई म्हणाल्या.

"मिळेल," साहेब म्हणाले, आणि जाताना दगडासमोर क्षणभर थांबले. टोपी नव्हती, नुसतीच मान लववली.

दुपारच्या गाडीनं मी निघालो. कमल फाट्यापर्यंत सोडायला आली. परतीच्या वाटेवर ओठ सुजला होता आणि मी विचार करत होतो. बिगुल रडवतो, असं लोक म्हणतात. मीही नोकरीभर तसंच समजत होतो. पण बिगुल मुळात हुकूम सांगायला असतो, आणि हुकूम निजण्याचा असतो तसा उठण्याचाही असतो. दुसरा हुकूम त्या बाईनं माझ्याआधी ऐकला होता.

दोन महिन्यांनी मला वसईहून नोटीस आली. मी इस्त्रीचा गणवेश घालून, पदकं लावून हजर झालो. विचारलं, वाजवला का? म्हटलं, वाजवला. पुन्हा वाजवाल का? म्हटलं, दर जानेवारीत. समज देऊन सोडलं. तेवढ्यात आणीबाणीही उठली.

जयवंतचं नाव अजून त्या यादीत नाही. पण शिक्क्याची ती नक्कल चांदीपच्या घरात काचेत लावली आहे, आणि कुणी विचारलं तुमच्या मुलाला मान मिळाला का, तर जानकीबाई बोट दाखवून म्हणतात, "सरकारनंच लिवलाय. वाचा."