बाईंचा दोर

बाईंना कुठलीही दगडी भिंत दिसली की त्या बोलता बोलता थांबायच्या आणि पाय कुठे ठेवता येईल ते शोधायच्या. एकदा सदाशिव पेठेतल्या एका मंगल कार्यालयात, ऐन पंगतीत, त्यांनी मला कोपराने ढोसून आवाराची जुनी भिंत दाखवली. "डावीकडून चढता येईल बघ," म्हणाल्या आणि वाढप्याकडून आणखी एक जिलेबी मागून घेतली.

शाळेत त्या आम्हाला गणित शिकवत आणि रविवारी, विश्रांतवाडीच्या पलीकडच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत, कातळ चढायला. मी गणितात यथातथाच, त्यामुळे शाळा सुटल्यावर माझ्याकडे टिकला तो रविवारच. त्यांचं एकच तुणतुणं असे, चढायचं पायांनी. कुणी नुसत्या हातांवर लोंबकळू लागला की खालून शांतपणे विचारणा होई, "पाय घरी ठेवून आलात का?"

मग आळंदी रस्त्यावर एका ट्रकने त्यांच्या स्कूटरला धडक दिली. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. भेटायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, "देवाची कृपा, जीव वाचला." बाई म्हणाल्या, "हो. ती कृपा जरा लवकर निघाली असती तर पायही वाचला असता." ते गृहस्थ पुन्हा फिरकले नाहीत. मी हसलो खरा, पण बाहेर जिन्यात आल्यावर मला रडू आवरेना.

वर्षभराने कृत्रिम पायावर त्या बऱ्यापैकी चालू लागल्या आणि एका शनिवारी मला म्हणाल्या, "उद्या दोर घेऊन ये. धरायला तूच." खाणीच्या माथ्यावर बसून चढणाऱ्याचा दोर धरायचा, तो चढेल तसा गोळा करायचा. घसरला तर पेलायचा, पण ओढायचा मात्र नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

त्या पायाला खालचा दगड कळत नव्हता. बाई वाकून बघत, एका हाताने तो पाय उचलून खाचेत ठेवत, मग भार देत. निम्म्यावर तो तीनदा घसरला. चौथ्यांदा मला बघवेना. मी दोर ओढला, फार नाही, वीतभर. बाई त्या जागेवरून वर सरकल्या आणि थांबल्या.

"ओढलास?"

"नाही बाई."

"खाली सोड मला."

मी वळसा घालून खाली गेलो तेव्हा त्या पाय काढून बसल्या होत्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. "बसमध्ये लोक जागा देतात, मी बसते," त्या म्हणाल्या. "पिशवी उचलतात, उचलू देते. पण माझ्यात अजून किती उरलंय, हे मला कुठेतरी कळायला नको का? ते इथेच कळलं असतं. तू कळू दिलं नाहीस."

मी मान खाली घालून कबुली दिली. पुढच्या रविवारी दुसरा कुणीतरी दोर धरेल असं धरून चाललो होतो, पण त्यांनी तो माझ्याच हातात दिला. पाच रविवार त्या त्याच जागी घसरल्या. सहाव्या रविवारी ती जागा पार करून माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"आज ओढलास?"

"नाही."

हे खरं होतं. पण बाई माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. एकदा खोटं बोललेल्याचं खरं त्यांनी ओळखावं तरी कसं?

"पुन्हा जाते," त्या म्हणाल्या. "या वेळी दोर इतका सैल ठेव, की मला दिसेल."

बाई जाऊन आता चार वर्षं झाली, तरी तो त्यांच्या गुडघ्यापर्यंत लोंबणारा दोराचा झोळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. घसरल्या असत्या तर कातळावर चांगल्याच आपटल्या असत्या, आणि तेही माझ्या खोटेपणापायी. त्या जागी पाय हलला, मग टिकला. काठावर त्यांचा खरचटलेला हात आला. माझा हात आपसूक पुढे गेला होता, तो मी मागे घेतला.

बाई आपल्या आपण वर आल्या. बराच वेळ नुसत्या धापा टाकत बसल्या.

"म्हणजे मघाशीही मीच चढले होते," त्या म्हणाल्या, आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच रडल्या.