आतोबांचं ‘आलोच’

जबाबदारी ही गोष्ट ज्याच्या अंगाला कधी चिकटलीच नाही असा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. बाकीचे बेजबाबदार लोक निदान ओशाळतात, काहीतरी कारण देतात, पुन्हा असं होणार नाही म्हणतात. आतोबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. निर्मळला त्यांची वाडी होती, केळी, नारळ आणि सोनचाफ्याची. अंगात बनियन आणि बुडाखाली एक खिळखिळी सायकल, या पलीकडे त्यांना कशाची गरज लागल्याचं आठवत नाही. सायकलवर टांग टाकताना ते एकच शब्द बोलायचे, “आलोच.” तो कानावर पडला की आत्या त्यांच्या वाटणीचा चहा परत पातेल्यात ओतायची. ‘आलोच’ म्हणजे घटकाभराने, दुपारी की उद्या, हे खुद्द आतोबांनाही माहीत नसे. एकदा कोथिंबीर आणायला ‘आलोच’ म्हणून गेले ते संध्याकाळी कुणाच्या तरी टेम्पोतून उतरले, सोबत एक बकरी. कोथिंबीर कुठे आहे, असं आत्याने विचारलं. “घेतली होती,” आतोबा म्हणाले, “हिनं खाल्ली.”

मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे प्रगतिपुस्तकात ‘इररिस्पॉन्सिबल’ असा एकच शेरा असायचा आणि तो वर्गातल्या सगळ्या वांड मुलांना पुरायचा. निर्मळला मात्र या एका माणसासाठी लोकांनी शब्दांचं दुकान मांडलं होतं. माझे बाबा मूळचे वटारचे, पण वाडी सोडून सरकारी नोकरीत गेलेले. ते ‘बेजबाबदार’ म्हणायचे, कागदावर शिक्का मारावा तसं. आत्या रागात असली की ‘बेफिकीर’ म्हणायची आणि रागात नसली की ‘वेंधळे’. आतोबांची आई आपल्या मुलाला ‘खुशालचेंडू’ म्हणायची, त्यात तक्रार किती आणि लाड किती ते मला कधी कळलं नाही. फक्त शेजारी राहणारा त्यांचा चुलतभाऊ त्यांना ‘देवमाणूस’ म्हणत असे, आणि त्याच्याजवळ तसं कारण होतं. वाडीमागच्या तळ्यावर दोघांची मिळून एक मोटर होती. आतोबा आपल्या केळींना पाणी लावायचे, ‘आलोच’ म्हणायचे आणि जायचे. पाणी त्यांच्या केळी भिजवून, बांध ओलांडून निवांतपणे चुलतभावाच्या वाडीत शिरायचं. एकदा आत्याचा धीर सुटला. “त्यांच्या झाडाला घड बघा केवढाले लागलेत. आणि विजेचं बिल कोण भरतं?” आतोबांनी बांधापलीकडे कौतुकाने पाहिलं. “पानी झाडालाच गेलं ना,” ते म्हणाले, “वाया कुठं गेलं?”

मे महिन्यात मी आत्याकडे राहायला जायचे. आमच्या घरात ‘सांभाळून’ हा शब्द दिवसभर चालू असे. जिना उतरताना सांभाळून, रस्ता ओलांडताना सांभाळून, इतकंच काय, मासे खातानाही सांभाळून. आतोबांच्या तोंडून तो शब्द मी एकदाही ऐकला नाही. एकदा मी जांभळाच्या झाडावर बरीच वर चढले आणि मग उतरता येईना. आतोबा खालून चालले होते. त्यांनी मान वर केली. मला वाटलं, आता ओरडतील, निदान शिडी आणतील.

“वरनं समुद्र दिसतो का गं?” त्यांनी विचारलं.

“दिसतो.”

“मग बरं.” आणि सायकलवर बसून ‘आलोच’ म्हणत ते गेले. दुपारी जेवायच्या वेळेला भूक असह्य झाली तेव्हा माझी मीच उतरले. गुडघा खरचटला होता. हे घरी सांगितलं असतं तर बाबांनी मला पुन्हा निर्मळला पाठवलं नसतं, म्हणून मी सांगितलं नाही.

मी मुळात फारसं कुणाला काही सांगणारी नव्हे. आतोबांना मात्र सांगायचे, कारण त्यांना सांगितलेलं संध्याकाळपर्यंत त्यांच्याजवळ उरेल अशी भीती नसायची. परीक्षेची धास्ती, मैत्रिणीशी भांडण, सगळं मी चाफा खुडताना त्यांच्या कानावर घालत असे. ते ‘हं’ म्हणायचे.

आमच्या घरात जबाबदारी हा शब्द आणखी एका गोष्टीसाठी वापरला जायचा, आणि ती गोष्ट म्हणजे मी. “एवढी एक जबाबदारी उरलीय,” बाबा आल्यागेल्याला सांगायचे, अगदी प्रेमाने, मी समोर चहाचा ट्रे घेऊन उभी असताना. मी बी.एससी. झाले, पुण्याला एम.एससी.ला प्रवेश मिळाला आणि त्याच सुमारास ठाण्याचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला, माणसं चांगली, बाबा मनातून होकार देऊन बसलेले. “पुण्याचं पुढे सासरचे म्हणतील तसं,” ते म्हणाले. मला कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही.

पाहण्याचा कार्यक्रम आत्याकडे ठरला, कारण आमच्या स्टेशनजवळच्या इमारतीत त्या आठवड्यात पाण्याचा टँकरसुद्धा येत नव्हता. आतोबांना काम दिलं ते असं की त्यात चुकायला जागाच नव्हती. एसटीतून पाहुणे उतरले की त्यांना वाडीतून घरापर्यंत आणायचं. “थांब्यावर उभं राहायचंय, भावोजी,” बाबा म्हणाले, “नुसतं उभं.”

आदल्या दिवशी मी वाडीत गेले. आतोबा चाफ्याची फुलं केळीच्या पानावर मांडत होते.

“आतोबा, मला पुण्याला जायचंय. उद्याचं जमलं तर ते राहून जाईल.”

त्यांनी एक फूल उलटसुलट करून पाहिलं. “पुण्यात चाफा मिळतो का?”

“माहीत नाही.”

“बघून सांग,” ते म्हणाले आणि पुढचं फूल उचललं.

दुसऱ्या दिवशी आतोबा थांब्यावर उभे राहिले. पाहुणे आले, आतोबा त्यांना वाडीत घेऊन आले, मोटरच्या खोपटात बाकावर बसवलं, प्रत्येकाला शहाळं फोडून दिलं आणि म्हणाले, “आलोच.” इकडे घरात मी साडी नेसून बसलेली, पोहे दोनदा गरम झालेले, बाबा सारखे ओट्यावर येऊन रस्त्याकडे बघताहेत. तिकडे हाकेच्या अंतरावर पाहुणे पायावरचे डास मारत बसलेले. दिवेलागणीला चुलतभाऊ मोटर बंद करायला गेला तेव्हा त्याला ते सापडले. घरात न शिरताच मुलाची आई बाबांना म्हणाली, “मुलगी चांगलीच असेल हो. पण ज्या घरात इतकी बेजबाबदार माणसं आहेत, तिथे आम्ही कशाच्या भरवशावर सोयरीक करायची?” बाबांचा लाडका शब्द दुसऱ्याच्या तोंडून आमच्याच घराला लागला. पाहुणे गेले आणि थोड्या वेळाने आतोबा आले. सायकलला गिरीजहून आणलेला एक भला मोठा भोपळा बांधलेला. “गेले होय?” त्यांनी विचारलं. आत्याने त्या रात्री त्यांना वाढलं नाही. ते स्वतःच वाढून घेऊन पोटभर जेवले.

बाबांनी पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. दुसरं स्थळ येण्याआधीच कॉलेज सुरू होत होतं, आणि वैतागून बाबा म्हणाले, “जा, तुला जायचं तिकडे.” मी गेले.

आतोबा त्या दिवशी खरंच विसरले की कसं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विसरले असणंच शक्य आहे. त्याच महिन्यात ते स्वतःच्या साडूच्या मुलाच्या मुंजीला जाऊन भलत्याच मांडवात जेवून आले होते. एवढंच सांगते, की दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा त्यांनी सायकलवरून न उतरता मला विचारलं, “मग? मिळतो का चाफा?”

आत्या गेली त्याला आता दोन वर्षं झाली. आतोबांचे गुडघे गेले, सायकल गेली, वाडी चुलतभाऊ बघतो. दोन्ही मुलगे विरारला फ्लॅटमध्ये आहेत. गेल्या रविवारी मी थोरल्याकडे गेले होते. बाहेरच्या खोलीत दोघा भावांचं हळू आवाजात चाललं होतं, आतोबांची जबाबदारी कुणी किती महिने घ्यायची. वाद नव्हता, दोघंही चांगली मुलं आहेत. पण तो शब्द दर वाक्यात येत होता. आतोबा खिडकीच्या जाळीशी बसून ऐकत होते, गावातल्या कुणा तिसऱ्याच माणसाबद्दल बोलणं चाललंय अशा चेहऱ्याने.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “केळीला पानी लावलं असंल का गं कुणी?”

मी स्कूटरची किल्ली उचलली. दाराशी त्यांनी एक हात चौकटीला लावला, दुसरा माझ्या खांद्यावर ठेवला आणि पायरीचा अंदाज घेत राहिले. माझ्या तोंडावर आलेला ‘सांभाळून’ मी गिळला आणि नुसती उभी राहिले.

“अगं, कुठे नेतेस त्यांना?” थोरल्याने आतून विचारलं. “किती वेळात याल?”

आतोबा पायरी उतरण्यात गुंतले होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

“आलोच,” मी म्हटलं.