दोन डिक्यांची सुईण

हाझेलविंकेल आणि त्याच्या आसपासच्या पाच-सहा गावांत तिशीच्या आतलं जे कुणी माणूस रस्त्याने चालताना दिसेल, त्याला गेर्लिंडेने एकदा तरी उघडं पाहिलेलं होतं. सुईण होती ती. आल्बच्या पठारावरची शेतं, खालच्या दऱ्या आणि मधले घाट, हा सगळा तिचा मुलूख. बाळंतपणं आताशा बहुतेक खालच्या शहरातल्या इस्पितळात होत, पण आधीची तपासणी आणि नंतरचे कितीतरी दिवस घरी जाऊन बाळ-बाळंतिणीकडे बघायचं काम गेर्लिंडेचंच. क्वचित एखादी बाई हट्टाने घरीच बाळंत व्हायची, तेव्हा तर तिच्याशिवाय पान हलत नसे.

या सगळ्या येरझारा तिने एका चौकोनी, करड्या डिझेल गाडीतून केल्या होत्या. त्या वसंतात गाडीने मान टाकली. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि न बोलता परत बंद केलं. म्हातारं माणूस गेल्यावर डोळे मिटतात तसं.

एबरहार्ट म्हणजे गेर्लिंडेचा नवरा. गावच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेला, शिस्तीचा, पै-पैचा विचार करणारा, या मुलखातला अस्सल श्वाबियन गडी. जुनी गाडी अजून भंगारातही गेली नव्हती, तोवर त्याने नवीचं माहितीपत्रक जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं. तीही करडी, तीही चौकोनी.

मसुराची उसळ आणि श्पेट्झलेच्या जाड शेवया वाढता वाढता गेर्लिंडे म्हणाली, "मला स्पोर्ट्स कार घ्यायचीय."

"काय घ्यायचंय?"

"स्पोर्ट्स कार. दोन दारांची, बुटकी. छत उघडणारी मिळाली तर फारच छान."

एबरहार्टने चमचा खाली ठेवला. "लिंडे, सत्तावन्नाव्या वर्षी बायका गुडघे बदलून घेतात."

"माझे गुडघे ठणठणीत आहेत. गाडीच गेलीय."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी लंगोट बांधलेत, एबरहार्ट. ते काय म्हणणार मला?"

तो हसला नाही. तिने थट्टा केली नव्हती, हे त्याला कळत होतं. लग्न झाल्यापासून त्याने तिला बाहेर पडताना आणि परत येताना पाहिलं होतं. मधल्या वेळात ती काय करते ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं. मधल्या वेळात ती गाडी चालवायची. एका घरात बाईच्या कळा, दुसऱ्या घरात दूध उतरत नाही म्हणून रडारड, तिसऱ्या घरात सासूची शहाणपणाची टकळी. आणि या घरातून त्या घरात जाताना घाटातली ती वळणं. तिथे तिला कुणी हाक मारत नसे. दिवसभरात तेवढीच काय ती तिची स्वतःची वेळ. त्या जाड्या डिझेल गाडीतही ती वळणाआधी गियर खाली टाकून, नेमक्या जागी स्टिअरिंग वळवून, बाहेर पडताना हलकेच पाय दाबायची, आणि वळण मनासारखं साधलं की एकटीच "वा!" म्हणायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंही तिला वाटलं नव्हतं.

एबरहार्टने बराच विचार केला. सरळ नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं; तो अटी घालायचा.

"बरं," तो म्हणाला. "पण गाडीने रोजचं काम केलं पाहिजे. तुझी बॅग, वजनकाटा, तो बाळंतपणाचा स्टूल. आणि शनिवारचा माझा पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट. एवढं सगळं जिच्यात मावेल ती घे. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

क्रेटच्या नावाने आपण बाजी मारली, अशा समाधानात त्याने उरलेली उसळ संपवली.

खालच्या शहरात रूडी काल्मबाखचं वापरलेल्या गाड्यांचं दुकान होतं. त्याच्या जुळ्या मुली गेर्लिंडेच्याच हातावर जन्मल्या होत्या, त्यातली दुसरी पायाळू. त्यामुळे ती दारात उभी राहून "मला तीन गाड्या दोन-दोन दिवस चालवायला हव्यात" म्हणाली, तेव्हा रूडीने किल्ल्यांचा फळाच तिच्यापुढे धरला.

"बाई, तुम्ही एकेक गाडी आठवडाभर न्या. फक्त एक सांगा, कुणासाठी बघताय?"

"माझ्यासाठी."

"अरे वा!" रूडी म्हणाला, आणि मग जरा घाबरून, "एबरहार्टना ठाऊक आहे ना?"

पहिली गाडी ऑडीची टीटी. गोलसर, गुबगुबीत, बाहेरून खेळण्यातल्यासारखी. मागचं दार मोठं उघडायचं आणि नावापुरत्या असलेल्या मागच्या सीटा आडव्या केल्या की आत चांगली कोठीच तयार व्हायची. स्टूल गेला, काटा गेला, बॅग गेली, क्रेटही गेला, वर बटाट्याचं पोतं टाकलं असतं तरी चाललं असतं. पाऊस लागला होता. पण चारही चाकांना जोर असल्यामुळे घाटात गाडी रुळावरून चालल्यासारखी वर आली. एबरहार्ट शेजारी बसला होता. त्याने पूर्ण रस्ताभर एकदाही दाराची कडी घट्ट धरली नाही.

"ही घे," उतरता उतरता तो म्हणाला. "आजच घे."

गेर्लिंडेने दुसऱ्या दिवशी एकटीने चालवून पाहिली. खोट काढायला जागा नव्हती. बँकेतल्या एखाद्या भल्या साहेबाशी बोलून बाहेर पडावं तसं वाटलं. सगळं काम झालं, पण गालांवर रक्त काही चढलं नाही.

दुसरी बीएमडब्ल्यूची झेड-फोर. हिचं नाक इतकं लांब, की चालवणारा पार मागच्या चाकांवर बसल्यासारखा. बटण दाबलं की पत्र्याचं छत आपोआप उचललं जाऊन मागे डिकीत घडी होऊन बसायचं. बेकरीवाल्या म्योर्कबाईंच्या दुकानासमोर गेर्लिंडेने ते बटण दाबलं, तेव्हा ब्रेत्झेलचे खारे पाव घ्यायला आलेली माणसं रांग सोडून बाहेर आली.

"गेर्लिंडे, लॉटरी लागली की काय?" म्योर्कबाई ओरडल्या.

"नाही, म्हातारपण लागलंय. लवकर आटपा, दोन ब्रेत्झेल द्या."

गाडी चालवायला झकास होती. लांब, उघड्या रस्त्यावर त्या इंजिनाची घुरघुर ऐकत तर ती दोन गावं उगाचच पुढे गेली. पण छत डिकीत गेलं की डिकीत दुसरं फारसं काही जाईना. बाळंतपणाच्या स्टुलाला शेजारच्या सीटवर बसवून पट्टा लावावा लागला. शनिवारी क्रेट आणायला दोघं गेले तेव्हा तर पेचच पडला.

"आता?" एबरहार्ट क्रेट पोटाशी धरून उभा.

"आता काय. पाणी माझ्याबरोबर येईल, तू चालत ये."

तो खरोखरच चालत आला, आणि वाटेत भेटेल त्याला ही हकिगत सांगत आला. त्याला आता मजा येऊ लागली होती.

याच गाडीत गेर्लिंडेला आणखी एक गोष्ट कळली. इतक्या बुटक्या गाडीतून उतरणं हा एक व्यायाम होता. पहिल्याच घरापाशी ती दार उघडून पाय बाहेर टाकून बसली, आणि उठता येईना. मग तिला आठवलं, दिवस भरलेल्या बायकांना ती पलंगावरून उठायला कसं शिकवते: आधी कुशीवर वळायचं, मग हातावर भार द्यायचा, उठताना श्वास सोडायचा. तसं केलं आणि ती अलगद बाहेर आली. खिडकीतून बाळंतीण बघत होती. ती म्हणाली, "बाई, तुम्हाला कितवा महिना?"

तिसरी पोर्शेची बॉक्स्टर. सहा वर्षं वापरलेली, गडद हिरवी, कापडी छताची. हिचं इंजिन ना पुढे, ना पार मागे. बसणाऱ्याच्या पाठीमागे, गाडीच्या पोटात. त्यामुळे डिक्या दोन. पुढची खोल, मागची पसरट. काटा आणि बॅग पुढे गेली, घडीचा स्टूल मागे बसला. क्रेटचा प्रश्न शनिवारवर ठेवून गेर्लिंडे घाटाला लागली.

पहिल्या वळणाला तिने नेहमीप्रमाणे गियर खाली टाकला, आणि गाडी वळली. तिने वळवायच्या आधीच वळली असं तिला वाटलं. मनात आलं आणि नाक तिकडे गेलं. दुसऱ्या वळणाला तिने जरा उशिरा वळवून पाहिलं. गाडीने तेही ऐकलं, आणि रस्ता कुठे खडबडीत आहे, कुठे ओला आहे, ते तिच्या तळहातांना कळवलं. हात टेकवून पोटातल्या बाळाची पाठ कुठे, डोकं कुठे हे समजावं, तसं तिला हाताखाली सगळं समजत होतं. वर पोचल्यावर तिने गाडी थांबवली. आपण मघापासून मोठमोठ्याने हसतोय, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. मग ती वळून खाली गेली आणि पुन्हा वर आली.

त्याच दुपारी स्वेन्याचा फोन आला. स्वेन्या म्हणजे पठारावरच्या गोठेवाल्या योहानेसची बायको, पहिलटकरीण. दिवस उलटून आठवडा होत आलेला.

"बाई, इस्पितळात तपासणीला जायचंय, आणि योहानेस गोठ्यात अडकलाय. गाय व्यायला लागलीय. तो म्हणतो, तू थांब थोडं."

"त्याला म्हणावं, गाईजवळ थांब. मी येते."

गाडी अंगणात शिरली तेव्हा स्वेन्या पोटावर हात ठेवून बघतच राहिली. "यात? मी यात मावेन?"

"मावशील. बाहेर निघशील का, ते तिथे गेल्यावर बघू."

गेर्लिंडेने घाट अगदी सावकाश उतरला, अंड्यांची टोपली नेल्यासारखा. तरी गाडीची बैठक टणक. रस्त्यातला खडान्‌खडा सांगणारी. प्रत्येक धक्क्याला स्वेन्या खिदळत होती. कित्येक दिवसांत ती हसली नव्हती, नुसती वाट बघून कंटाळली होती.

इस्पितळाच्या दारात मात्र व्हायचं तेच झालं. स्वेन्या जागची हलेना. गेर्लिंडेने हात धरून ओढलं. पायजम्यावर गाऊन घालून सिगारेट ओढत उभे असलेले एक आजोबा मदतीला धावले, त्यांनी दुसरा हात धरला.

"ओढू नका हो, उपटून निघेल माझा खांदा!" स्वेन्याला हसून हसून बोलता येईना.

"सोडा तिला," गेर्लिंडे म्हणाली. "स्वेन्या, मी शिकवलंय ना? कुशीवर वळ. हात उंबऱ्यावर. हां, आता श्वास सोड."

स्वेन्या कुशीवर वळली, गुडघे आणि हात फरशीवर टेकून रांगतच गाडीबाहेर आली आणि आजोबांच्या गाऊनच्या टोकाला धरून उभी राहिली. आजोबा म्हणाले, "अभिनंदन. मुलगीच झाली म्हणायची."

तपासणीत सगळं उत्तम निघालं. संध्याकाळी योहानेसच्या गोठ्यात वासरू झालं, आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी स्वेन्याला कळा सुरू झाल्या. दुपारपर्यंत मुलगा. गेर्लिंडे कंठशोष करून सांगत होती, की वेळ भरलीच होती, बैलगाडीतून नेलं असतं तरी आणि घरी बसली असती तरी हेच झालं असतं. कोण ऐकतो! म्योर्कबाईंच्या दुकानात ब्रेत्झेलबरोबर बातमी वाटली गेली, की सुईणीच्या हिरव्या गाडीत एक चक्कर मारली की पोर बाहेर. आठवड्याच्या आत तिघींनी फोन करून चक्कर मागितली. त्यातल्या एकीला तर फक्त सहावा महिना होता. गेर्लिंडेने तिला असं झापलं, की तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला.

शनिवारी क्रेटची परीक्षा झाली. एबरहार्टने स्वतः तो पुढच्या डिकीत उतरवला. सरळ जाईना. जरा तिरका केला, एक बाटली काढून परत घातली, तेव्हा बसला. त्याने झाकण लावलं. उघडलं. पुन्हा लावलं.

घरी येऊन तो टेबलाशी बसला. "टीटी शहाणी गाडी आहे," तो म्हणाला. "बर्फात तीच चालेल. सामानालाही तीच."

"खरं आहे. तिघींत शहाणी तीच."

"मग?"

"शहाणं माणूस घरात एक आहे ना. दुसरं कशाला?"

एबरहार्ट खिडकीबाहेर बघत बसला. हिरवी गाडी अंगणात उभी होती. येताना घाटात वळणावळणाला ही 'वा!' म्हणत होती, ते त्याने ऐकलं होतं. "त्या वळणांवर," त्याने विचारलं, "इतकं काय असतं गं?"

मग गेर्लिंडेने त्याला सांगितलं. घरं, रडारड, आणि मधला तो रस्ता. नीट सांगता आलं नाही, वाक्यं अर्धी राहिली. पण तो मध्ये बोलला नाही.

"हं," शेवटी तो एवढंच म्हणाला. श्वाबियन लोकांत शिव्या घातल्या नाहीत म्हणजे कौतुकच समजतात. गेर्लिंडेने सोमवारी जाऊन रूडीकडे सह्या केल्या.

सगळंच गोड झालं असं नाही. जानेवारीत पठारावर बर्फ साचला तेव्हा दोन आठवडे तिला नणंदेची जीप मागून आणावी लागली, आणि नणंदेने ते सबंध खानदानाला ऐकवलं. पेट्रोलच्या पंपावर एबरहार्ट दरवेळी दुसरीकडे तोंड करून उभा राहायचा. पण थंडीत एक फायदाही निघाला. इंजिनामुळे मागची डिकी ऊबदार राहायची आणि पुढची गार. गेर्लिंडे मागे टॉवेल ठेवू लागली. बाळाला अंघोळीनंतर गुंडाळायला ते कोमट मिळत. घरातलं लोणी पुढे, लेबरकेझचा, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या कापाचा, गरम पाव मागे. बाळंतिणी म्हणत, आमच्या स्वयंपाकघरात नाही एवढी सोय हिच्या गाडीत आहे.

पुढच्या उन्हाळ्यात एक सरकारी लिफाफा आला. घाटाच्या पायथ्याशी वेग मोजणारा कॅमेरा होता, त्याने गेर्लिंडेला थोडंसं जास्त पळताना पकडलं होतं. दंड किरकोळ होता. सोबत पुराव्याचा फोटो. छत उघडं, केस उडालेले, तोंड आ वासून हसणारी, बहुधा गाणारीसुद्धा, सुईण.

दंड भरला की एबरहार्ट असले कागद रद्दीत टाकायचा. हा त्याने टाकला नाही. कात्रीने फोटो नीट कापून घेतला आणि काचेच्या चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत लावला, लग्नाच्या फोटोशेजारी.

"काढ ते," गेर्लिंडे ओरडली. "येणारे-जाणारे बघतील!"

"बघू देत," खिळा ठोकता ठोकता तो म्हणाला. "लग्नाच्या फोटोत तू एवढी खूश दिसत नाहीस."