मेजरांच्या दारावरून गेलेली शर्यत

"काकू, शर्यत आमच्या दारावरनं जातीय. आता तरी येतासा का न्हाई?"

ओंकारचा हा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि आमचे मिलिंदराव, म्हणजे माझे सायकलवेडे यजमान, हॉलमध्ये चेनला तेल पाजत बसले होते. मी हो म्हणायच्या आधीच त्यांनी रजेचा अर्ज मनात लिहून टाकला असणार. ओंकार आमच्या वरच्या खोलीत दीड वर्ष भाड्यानं राहिला होता, पुण्यात सायकल शर्यतींचा सराव करायला. भाडेकरू कसला, घरचाच झाला. पहाटे सिंहगडाच्या दिशेनं जायचा, उन्हं वर येता येता परतायचा आणि माझा पोळ्यांचा डबा रिकामा करायचा. त्याचं मूळ गाव कवठे महांकाळच्या बाजूला. गावाचं नाव लिहिणार नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत. त्या घरासमोर उभं राहून कुणी सेल्फी काढायला नको.

दोन दिवसांची सहल म्हणून निघालो आणि सहलीसारखंच लिहायचं ठरवलं होतं. तसं ते लिहून होत नाहीये, तर जसं येईल तसं वाचा.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. ओंकारचे वडील फौजेतून निवृत्त झालेले, गाव त्यांना मेजर म्हणतं. हुद्दा हवालदाराचा होता, पण आपल्याकडे गावी परतलेला प्रत्येक फौजी मेजरच. आजोबा फौजेत, काका फौजेत. ओंकार नेहमीच्या भरतीत छातीच्या मापात दोनदा बाद झाला. मग त्यानं सायकलवरून तेच दार गाठायचं ठरवलं. सैन्याच्या सायकल संघाचे निवड करणारे साहेब टप्प्याटप्प्यानं चालणाऱ्या या शर्यतीला येणार होते आणि त्यांनी त्याला साफ सांगितलं होतं, शेवटच्या टप्प्यापर्यंत टिकून दाखव, मग बघू. वयोमर्यादा याच वर्षी संपत होती. तेव्हा ही शर्यत पुरी करणं म्हणजे त्याच्यासाठी सगळं काही होतं.

पुण्याहून सकाळी लवकर निघालात तर खंबाटकी घाट गर्दीच्या आधी ओलांडता येतो. आम्ही उशिरा निघालो, कारण मिलिंदरावांना हेल्मेट सापडेना. (गाडीनं जायचं होतं. हेल्मेट कशाला, ते विचारू नका.) शर्यतीचा आदला टप्पा लोणंदकडून साताऱ्यात येऊन संपला होता आणि साताऱ्याच्या चौकात अजून कमानी उभ्या होत्या. रस्ता मात्र बघत राहावा असा! वर्षानुवर्षं जिथे कंबर मोडायची तिथे काळाभोर गुळगुळीत डांबर. गंमत अशी की शर्यत जिथे वळणार तिथे डांबरही वळलेलं. सरळ जाणारा रस्ता तसाच खड्ड्यांचा.

उंब्रजला मिसळ खाल्ली. मिसळ चांगली होती, कट जरा जपून मागा. हॉटेलबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग थांबली होती. दुसऱ्या दिवशीच्या तयारीसाठी जड वाहनं आतापासूनच अडवलेली. ट्रॅक्टरवाला बाकावर बसून वैतागला होता.

"सायकली उद्या येणार, मग आमाला आजच कशापायी दाबून ठेवलंय? तोडलेला ऊस उन्हात वाळाय लागलाय की."

"गड्या, गावाचं नाव टीव्हीवर येणार हाय," हॉटेलवाला म्हणाला.

"माझा ऊस दाखवतील का टीव्हीवर?"

सगळे हसले, आम्हीही हसलो. शेजारी रिकामी जागा होती. तिथे रोज एक बाई भज्यांचा गाडा लावायची म्हणे, रस्ता छान दिसावा म्हणून तिला चार दिवस घरी बसवलं होतं. ते ऐकून माझं डोकं फिरलं. पण मिसळ संपवून पुढे निघालोच ना आपण! प्रवासी माणसाचा राग गाडी सुरू होईपर्यंतच.

कराडवरून विट्याला वळलात की ऊस हळूहळू मागे पडतो. तासगावच्या आसपास द्राक्षबागा आणि बेदाण्याच्या शेड. त्यापुढे जमीन उघडी, तांबडी, कुसळं आणि बाभळी. रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लावलेला होता. पडक्या भिंती दिसू नयेत म्हणून त्यांच्यापुढे कापड ताणलं होतं. एका ठिकाणी त्या कापडामागून एक म्हातारी वाकून रस्ता बघत होती.

मेजरांच्या घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. घर अगदी रस्त्याला लागून. वळण संपलं की पहिलंच दार. सुशीलावहिनी, ओंकारची आई, हातातलं भांडं तसंच घेऊन धावत आल्या.

"आलासा ताई! मी म्हनलं, शहरातली मानसं, कशाची येतात." आणि माझा हात सोडेचनात.

जेवायला बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ माडगं. माडगं कुठे मिळालं तर सोडू नका, वर तूप मात्र मागून घ्या. मेजर कमी बोलणारे. पण त्या दिवशी त्यांनी कपाटातून आपला जुना गणवेश काढून कडक इस्त्री करून ठेवला होता. "उद्या घालनार," म्हणाले. मग थांबून, "पोरगा दारावरनं जाताना मी सलाम ठोकनार. कुनाला हसायचं ते हसू द्या."

शर्यतवाल्यांची कर्ण्याची गाडी तेवढ्यात पुन्हा गावातून फिरली. कुत्री बांधा, जनावरं बांधा, पोरं सांभाळा, आणि आपापल्या दारासमोर रस्त्यावर धूळ-माती राहू देऊ नका. हेच पुन्हा पुन्हा. गाडीतला मुलगा शहरी आवाजात घोकल्यासारखं म्हणत होता.

आता तुम्हीच सांगा, दारातली धूळ बसवायची म्हणजे आपल्या गावाकडे बायका काय करतात? सडा घालतात. शेण पाण्यात कालवायचं आणि हातानं सपासप शिंपडायचं. पालखी आली की सडा, नवरी आली की सडा, जवान सुट्टीवर आला की सडा. कर्णेवाल्यानं सांगितलं ते त्या गावानं अगदी मनापासून केलं.

पहाटे उठून सगळ्या गल्लीतल्या बायकांनी रस्त्यावर सडा घातला, मातीच्या अंगणात घालतात तसाच, पण डांबरावर. वहिनींनी वर हातभर रुंदीची रांगोळी काढली, मधोमध ओंकारचं नाव. मी फोटो काढत होते. कौतुकानं काढत होते! मिलिंदराव वळणाच्या वरच्या अंगाला व्हिडिओसाठी जागा धरून बसले होते, त्यांनी खालचं काही पाहिलंच नाही. शाळेची पोरं सकाळपासून झेंडे घेऊन उन्हात उभी होती. दोन पोरींना चक्कर आली, त्यांना सावलीत नेलं. पोलिसांच्या जीपा वर-खाली करून रांगोळी फिसकटली, सडा वाळून धूळ उडायला लागली. सायकली जवळ आल्याचा पुकारा झाला तशा वहिनी बादली घेऊन परत धावल्या.

"बाई, पुरे आता," पोलीस ओरडला.

"आवं, माझा ल्योक येतोय. एवढं दार तरी वलं करू द्या."

त्यांनी दार ओलं केलं, त्यावर रांगोळीच्या दोन मुठी सोडल्या आणि दोरीमागे येऊन माझ्याजवळ उभ्या राहिल्या. हाताला शेण तसंच होतं.

मिलिंदरावांनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं की सायकलच्या शर्यतीत एक रीत असते. एखाद्याचं गाव वाटेत आलं तर बाकीचे त्याला थोडा वेळ पुढे जाऊ देतात, घरच्यांना हात करू देतात. ऐकून मला काय छान वाटलं होतं! ओंकारलाही त्यांनी जाऊ दिलं. आधी मोटारसायकली गेल्या, त्यातली एक जरा डगमगली. मग वळणावर एकटा ओंकार दिसला. गाव ओरडलं, पोरांनी झेंडे हलवले, मेजरांनी टाच आपटून सलाम केला. आणि ओंकार रस्त्याच्या मधून आमच्या अंगाला आला, एक हात वर करून, आईकडे बघत.

पुढचं चाक रांगोळीवर आलं आणि सायकल त्याच्या खालून निघून गेली.

मागून जत्थाच्या जत्था येत होता. काही त्याला चुकवून गेले, काही त्याच्यावर येऊन पडले. आणि अर्ध्या मिनिटात बाकी सगळी शर्यत निघूनसुद्धा गेली. बाकीचे उठले, एकेक जण सायकल उचलून गेला. ओंकार उठला नाही. उजवा पाय भलत्याच दिशेला वळला होता.

वहिनी दोरीखालून निघाल्या तर पोलिसानं काठी आडवी धरली. मागच्या गाड्या यायच्या होत्या. "मागं व्हा, मागं व्हा." अहो, पोरगा तिचा आहे, मी किंचाळले. तोही बिचारा घाबरलेला, त्याला तेवढंच शिकवलेलं. मेजर गणवेशात होते, त्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि काठी खाली झाली. स्ट्रेचरवर ओंकार शुद्धीत होता. माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग आईकडे.

"मागच्यानं धक्का दिला, आई," तो म्हणाला. "चाकाला चाक लागलं त्याचं."

मी पाहिलं होतं. मागचा त्याच्यापासून बराच लांब होता. मी गप्प बसले.

रुग्णवाहिका त्याला आणि मेजरांना मिरजेला घेऊन गेली. आम्हाला मात्र रस्ता मोकळा होईपर्यंत निघता येईना. शर्यतीच्या गाड्या, त्यामागे पुढाऱ्यांच्या गाड्या, त्यामागे त्यांच्या मागच्यांच्या गाड्या. वहिनी आमच्या गाडीत मागे बसून होत्या. शेवटी मळ्यातल्या कच्च्या वाटेनं मिलिंदरावांनी गाडी काढली, खालून दगड लागत होते, त्यांना पहिल्यांदाच गाडीची पर्वा नव्हती. मिरजेत खुब्याच्या हाडाचं मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. चालू शकेल, म्हणाले. शर्यतीचं विसरा.

सैन्याचे ते साहेब दवाखान्यात येऊन गेले. ओंकारच्या खांद्यावर हात ठेवला, मेजरांशी इंग्रजी-हिंदीत दोन शब्द बोलले. गणवेश बघून त्यांनी आधी सलाम केला. मेजरांनी उलट सलाम केला आणि ते गेल्यावर कॉरिडॉरच्या बाकावर बसून ढसाढसा रडले. त्या माणसाला मी कधी मोठ्यानं बोलतानाही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघालो. त्याच रस्त्यानं आलो. कापडं काढून नेली होती, पडक्या भिंती जागेवर होत्या. उंब्रजला चहाला थांबलो तर भज्यांचा गाडा लागलेला. त्या बाईनं विचारलं, "बघितली का शर्यत? लय भारी झाली म्हनं." मिलिंदराव हो म्हणाले. त्यांची सायकल अजून भिंतीला टेकलेली आहे, वर चादर.

लोक विचारतात, पुढच्या वर्षी शर्यत बघायला त्या भागात जावं का? जा. हिवाळ्यात जा, द्राक्षांचे दिवस असतात, रस्ता आता खरंच चांगला आहे. आणि शर्यतीच्या मार्गावर तुमचं कुणी राहत असेल तर फोन करून सांगा की त्या दिवशी डांबरावर सडा घालू नका, मातीत तो मुरतो, डांबरावर निसरडा होऊन राहतो. कर्ण्यावरून हे कुणी सांगत नाही. ज्यांनी कर्णा लावला त्यांच्या घरी सडा घालत नसतील. वहिनींना विचारूनच हे लिहिलंय. "लिवा ताई," म्हणाल्या, "पर गावाचं नाव नगं."

हे बोलणं गेल्या आठवड्यातलं. मी ओंकारची तब्येत विचारायला फोन केला होता. कुबड्या घेऊन चालतो, जेवतो, बरा आहे. मग वहिनी म्हणाल्या,

"ताई, दवाखान्यातनं त्याची कापडं मीच धुतली. शेनानं भरली व्हती. मागच्याचा धक्का न्हवता. तुमी बी बघितलंसा, पर बोलला न्हाईसा."

मी नुसतं "वहिनी" म्हटलं.

"तवापासनं मी सडा घातला न्हाई. दिवाळीला बी न्हाई. त्यो काय बोलत न्हाई, मी काय बोलत न्हाई. कोरडं आंगन बघत बसतो नुसता. परवा सकाळी उठले तर ह्यो एका कुबडीवर हुबा, दुसऱ्या हातानं आंगनात सडा टाकतोय. म्हनला, आई, घालत जा की आता."

"मग?"

"मग काय. त्याला आदी उंबऱ्याच्या आत वढला. चुलीतली सगळी राख आनून त्या सड्यावर टाकली. वाळंपतूर त्याला भायेर येऊ दिला न्हाई."